संध्याकाळी शाळांची कुलपं उघडा

महोदय,
सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, शेजारी यंत्रमाग खडखडतो आणि सहावीतली मुलगी वही सारून तेंदूची पानं कापायला बसते. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंत, 2009 चा शिक्षण हक्क कायदा चौदापर्यंत, तोही शाळेच्या वेळेपुरता. शाळा सुटल्यावर या पोरांकडे कोणी बघायचं? काही वस्त्यांत तरुण मुलंमुलीच समाजमंदिरात अभ्यासिका चालवतात. घरी तेलुगू बोलणाऱ्या लेकरांना मराठीचा धडा त्यांच्या भाषेत समजावणारी ताई तिथे असते, हे मला फार मोलाचं वाटतं. महापालिकेने आपल्या शाळांचे वर्ग आणि वीज संध्याकाळी दोन तास या अभ्यासिकांना मोफत द्यावेत. ते वर्ग तेव्हा रिकामेच असतात.

— एक वाचक, सोलापूर