आरे-वारेच्या चढावरून

रत्नागिरी,
आषाढ

प्रिय सुध्या,

परवा लाइट गेली आणि फोन अर्ध्यावरच तुटला. ‘आपण बनवलेले रस्ते-गाड्या, म्हणजे मॉड, घालता येत नाहीत तो रेसिंगचा सिम्युलेटर काय कामाचा?’ हे तुझं वाक्य मात्र डोक्यात घोळतंय.

चार महिने झाले, आरे-वारेचा रस्ता ‘असेटो कोर्सा’ या रेसिंग गेममध्ये बसवतोय. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रस्त्याच्या तुकड्याला नाव देताना नावाच्या सुरुवातीला आकडा लावायचा राहिला, तर गाडी डांबरातून आरपार खाली जाते. आणि कॉम्प्युटरच्या गाड्यांना वाट कळावी म्हणून आपणच एकदा गाडी चालवून दाखवायची, ती रेघ नोंदली जाते. मी ती काल रात्री नोंदवली. चढ संपला आणि डाव्या हाताला अख्खा समुद्र! अंगावर काटा आला रे. कुठल्याही कंपनीने हा रस्ता आपल्याला कधी दिला नसता. २०१४ चा गेम अजून जिवंत आहे तो या मॉडवाल्यांच्या जिवावर, इथवर तुझं सगळं मान्य.

पण माझ्या फोल्डरमध्ये आज दोनशे गाड्या आहेत आणि त्यातली एकही माझी वाटत नाही. तुझ्या मामांकडे चिपळूणला १९९७ चा ‘ग्रान टुरिस्मो’ खेळायचो, आठवतं? हातात गेममधले १०,००० क्रेडिट, म्हणजे जुनीच गाडी घ्यायची. लायसनच्या परीक्षेत गाडी ठरलेल्या पट्ट्यात थांबवायची, पट्टा ओलांडला की पुन्हा पहिल्यापासून. ब्रेक कधी दाबायचा हे मी तिथेच शिकलो. त्या एका गाडीचा एकेक पार्ट घेण्यासाठी आपण तीच शर्यत किती वेळा मारली! असेटोतलं करिअर म्हणजे शर्यतींची यादी. पैसे साठवणं नाही, गाडी विकत घेणं नाही. मग उद्या पुन्हा बसावंसं वाटायला कारण काय उरतं?

म्हणून मी वही घातली आहे. दोघांनी अबार्थ ५०० पासून सुरुवात करायची. शर्यतीचे पैसे वहीत जमा, ठोकली तर वजा. पुरेसे साठल्याशिवाय दुसऱ्या गाडीला हात लावायचा नाही, मॉड असो की मूळची. गाड्यांच्या किमती तू ठरव, तुझा हिशेब पहिल्यापासून पक्का.

ट्रॅकची फाइल पेन ड्राइव्हवर घालून या पत्रासोबतच पाठवतोय. वारेच्या उतारावर कठडा अजून बसवायचा आहे, तिथे जपून. रविवारी रात्री नऊला खेळायला बस. लाइट असली तर पहिली शर्यत तिथेच.

तुझाच,
अव्या