लॉनच्या पाण्याआधी लॉनखालची माती बघा

मा. पाणीपुरवठा मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्या खात्याचं पत्रक येतं. लॉनला दिवसाआड पाणी द्या, तेही पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. मी ते काटेकोर पाळतो, कारण ते योग्यच आहे. पण त्या पत्रकात मातीबद्दल कधी एक अक्षरही नसतं, आणि पाणी वाया जातं ते तिथेच. म्हणून हे पत्र.

माझ्या अंगणात लॉनचे दोन तुकडे आहेत. पहिला घर बांधणाऱ्यांनीच लावून दिला. बांधकामाच्या वेळी वरची सुपीक माती निघून गेली, खालच्या मातीवर अवजड गाड्या फिरल्या आणि त्या दडपलेल्या जमिनीवर तयार गवताचे पट्टे अंथरले. दुसरा तुकडा मी स्वतः वीतभर खणला, चांगलं कुजलेलं कंपोस्ट त्यात मिसळलं आणि मग तेच गवत लावलं. दोन्हीकडे नळी तीच, ऊनही तेच.

पहिल्या तुकड्यावर नळी सोडली की काही मिनिटांत पाणी साचतं आणि फरशीवरून गटाराकडे धावतं. मग खुरपं खुपसून बघावं, तर दोन बोटं ओल आणि खाली विटेसारखी कोरडी, घट्ट माती. मुळंही तेवढ्याच दोन बोटांत गुंतून बसलेली. दुसऱ्या तुकड्यातली माती मुठीत दाबली तर मुटका होतो आणि अंगठ्याने टोकरला की भुसकन विस्कटतो. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असतात, ती अवस्था तिथे पाणी दिल्यानंतर कितीतरी वेळ टिकते. गांडुळं आपोआप आली. मुळं वीतभर खाली गेली.

याचा पाण्याशी संबंध कसा, ते हिशेबानेच सांगतो. १ मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. कडक उन्हात लॉन दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी ओढतं असं धरू. १०० चौरस मीटर लॉनला ते ५०० लिटर झालं. मध्यम पोताच्या मातीत दर १० सेंटिमीटर खोलीला मुळांना मिळण्याजोगं १५ मिलिमीटर पाणी मावतं असं समजा. मुळं ५ सेंटिमीटरवर अडली असतील, तर साठा जेमतेम दीड दिवसाचा. तीच मुळं १५ सेंटिमीटर खाली गेली, तर साठा साडेचार दिवसांचा.

कंपोस्ट म्हणजे स्पंज, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. जगभरच्या मोजमापांचा एकत्रित अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून येणारा कार्बन, १ टक्क्याने वाढला तर १०० मिलिमीटर मातीत पिकाला मिळणारं पाणी सरासरी १.१६ मिलिमीटरनेच वाढतं, असं दिसलं. रेताड जमिनीत फायदा जास्त, चिकणमातीत कमी. खरी कमाई साठ्यात नाही. मातीचे कण एकमेकांना धरून बारीक रवाळ होतात, मध्ये पोकळ्या राहतात, पाणी वाहून न जाता मुरतं आणि मुळांना खाली जायला वाट मिळते.

गवताची तहान मात्र त्याने कमी होत नाही. त्यामुळे माती सुधारून स्प्रिंकलरचा टायमर पूर्वीसारखा रोज सुरू ठेवला, तर एक थेंबही वाचणार नाही. उलट जास्तीचं पाणी मुळांखाली झिरपून जाईल आणि सोबत खतही नेईल. पाळ्यांमधलं अंतर वाढवलं तरच बचत होते. आपल्या पत्रकात ही गोष्ट ठळक यायला हवी.

आता मागणी. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या पाणीपुरवठा संस्थेच्या नियमांत नव्या लॉनआधी १,००० चौरस फुटांना ४ घनयार्ड कंपोस्ट ६ इंच खोल मिसळण्याची अट आहे. म्हणजे सुमारे सव्वातीन सेंटिमीटरचा थर. आपणही नव्या घराला नळजोडणी देताना लॉनखालची माती तपासून घ्या. तपासणी अवघड नाही. पाणी दिल्यावर एक सळई हाताने वीतभर आत गेली पाहिजे. गवत अंथरून झाल्यावर खाली कंपोस्ट मिसळता येत नाही. मग दरवर्षी जमिनीला भोकं पाडून वरून पातळ थर देत बसावं लागतं. मीही पहिल्या तुकड्यावर तेच करतो आहे. फरक पडतो, पण फार सावकाश.

अट घालाल तेव्हा कंपोस्टच्या दर्जाचंही बघा. अर्धवट कुजलेलं, क्षारांनी भरलेलं खत गवत जाळतं आणि लोकांचा त्यावरचा विश्वास उडतो. शहरांच्या ओल्या कचऱ्यापासून खत होतच असतं. ते चाळून, क्षार तपासून नव्या घरांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था आपलं खातं आणि नगरविकास खातं मिळून करू शकतील.

आपले अधिकारी पाहणीसाठी येणार असतील तर अवश्य यावेत. दोन्ही तुकड्यांवर एकाच वेळी नळी सोडून दाखवीन आणि खुरपं त्यांच्याच हातात देईन.

आपला नम्र,
अंगणात लॉन असलेला एक नळजोडणीधारक