वहिनी, तुम्ही आजीला हरवलं नाहीत

वहिनी,

सप्रेम नमस्कार. हे सगळं तुमच्या फोनवर पाठवलं असतं तर तुम्ही "बरं बरं वन्सं" एवढंच लिहून, हात जोडल्याचं चित्र धाडून विषय मिटवला असता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. आता पळवाट नाही.

ज्यांना तुम्ही माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आमचं गाव जुन्नर तालुक्यात, घर गावठाणात नाही, उसाच्या मळ्यात. वहिनी गावच्या आशा सेविका. भावकीतल्या सूनबाई म्हणून माझ्या वहिनी, आणि मी गावची लेक म्हणून त्यांची वन्सं. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे पुण्याहून मी इकडे आले. डिसेंबरच्या अखेरीस, दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. वजन २ किलो १०० ग्रॅम. अडीच किलोच्या खाली असलं की बाळ कमी वजनाचं धरतात, हे मला तोवर ठाऊकही नव्हतं.

लोक आशाताईंचे आभार मानतात ते लसी, गोळ्या, कार्ड यांसाठी. तेही आहेच. पण मला ज्यासाठी लिहायचंय ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. आमच्या घरात आजी होती.

आजी म्हणजे माझ्या वडिलांची आई. वय ऐंशीच्या पुढे, कान तल्लख, मत पक्कं. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा तिची सगळी तयारी झालेली. शेगडी, ओवा-शेपा-वेखंडाची धुरी, काजळ, गुटीची सहाण, आणि भोरकडल्या कुणा पाहुण्यांनी दिलेली रानमधाची बाटली. मी फोनवर वाचून-वाचून शहाणी झालेले. मधाची बाटली पाहिली आणि माझं तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही दारात उभ्या. तिसऱ्या दिवसाची भेट होती तुमची.

तुमच्या जागी मी असते तर बाटली उचलून फडताळावर ठेवली असती. तुम्ही चहा मागितलात. आजीशेजारी बसून विचारलंत, "आज्जी, तुमची किती?" आजी म्हणाली, "आठ. दोन गेली. थंडीतच गेली, पौषात." मी नातीच्या नात्यानं इतकी वर्षं त्या घरात वावरले, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. तुम्ही काही वेळ बोलला नाहीत. मग म्हणालात, "मग आज्जी, हिला थंडीपासून राखायचं काम तुमच्याकडं. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

झालं. त्या क्षणापासून आजी खात्याची मंत्री. हाताची मागची बाजू आधी पोटाला लावायची, मग तळपायाला. पोट गरम आणि पाय गार म्हणजे लेकराला थंडी वाजतेय, लगेच आईच्या उघड्या छातीशी धरायचं, वरून गोधडी. हे तुम्ही एकदा दाखवलंत, आणि आजी रात्रीसुद्धा उठून पाहू लागली. शनिवारी नवरा पुण्याहून आला तेव्हा तुम्ही त्यालाही सदरा काढून बसवलंत. जावई उघडाबंब आणि छातीवर एवढीशी पोर! आईला आत जाऊन तोंडाला पदर लावावा लागला. आजी मात्र त्याला दटावत होती, "हलू नका, निजलीय ती."

प्रत्येक गोष्टीवर तुमचा असाच तोडगा. नाळ पडेपर्यंत आणि वजन धरेपर्यंत आंघोळ नाही, कोमट ओल्या फडक्यानं पुसायचं. पण तेल लावायला आजीला मोकळीक, हलक्या हातानं. धुरी बाळाला द्यायची नाही, तिच्या छातीला धूर सोसायचा नाही. दुपटी बाहेर धुरीवर धरायची, झटकायची, मग आत आणायची. शेगडी खोलीत ठेवून दार लावायचं नाही, यावर मात्र तुम्ही तसूभर हटला नाहीत. काजळ डोळ्यांत नाही, तळपायाला. वजन करताना आजी म्हणाली, वजन केलं की दृष्ट लागते. तुम्ही बाळाला झोळीत घालून काटा धरलात, आकडा मोठ्यानं वाचलाच नाहीत, कार्डावर लिहून मला दाखवलात, आणि आजीला म्हणालात, "घ्या, आता काढा मीठ-मोहरी." आजीनं दृष्ट काढली. दोघींचं काम झालं.

मधाचं तुम्ही शेवटी ठेवलं होतंत. वर्षाच्या आत मध नको, त्यात असे जंतू असू शकतात की तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते विष तयार करतात, मोठ्यांना काही होत नाही, हे तुम्ही समजावलंत. आणि सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काहीच नको; गुटी नाही, पाणीही नाही. आजीचा चेहरा पडला. सहाण तिच्या सासूची. तुम्ही ती हातात घेऊन निरखलीत. "ही नीट ठेवा आज्जी. उष्टावण झालं की खारीक-बदाम हिच्यावरच उगाळायचेत." सहाण पदरात गुंडाळून ट्रंकेत गेली, आणि जूनअखेरीस खरंच बाहेर निघाली, उकळत्या पाण्यानं धुऊन.

बोंडलं, म्हणजे तान्ह्या बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी, मात्र तुम्ही लगेच वापरात आणलंत, हे सांगायला हवं. पोरीला ओढायला जोर नव्हता, चार घोट घेऊन झोपायची. एका डॉक्टरांनी नुसतं वजन ऐकून पावडरचा डबा लिहून दिला होता. तुम्ही डबा उघडू दिला नाहीत. दूध हातानं काढायला शिकवलंत आणि आजीचं चांदीचं बोंडलं उकळून घेऊन थेंब-थेंब पाजायला लावलंत. ते कसं धरायचं हे तुम्हाला आजीनं दाखवलं. तुम्हाला येत नव्हतं की तुम्ही येत नसल्याचं सोंग केलंत, हे मला अजून कळलेलं नाही. सांगूही नका.

हात धुण्याचा नियम तुम्ही घातलात आणि आजीनं तो राबवला. बारशाला आलेल्या बायका मोरीपाशी रांगेत. सरपंच पेढे घेऊन आले तर त्यांनाही साबण. "पद घराबाहेर," म्हणाली.

या सगळ्याला मी तेव्हा तुमची हुशारी समजत होते. तिचा खरा उपयोग जानेवारीच्या अखेरीस कळला.

पोरीला सर्दी झाली होती. रात्री मी ग्लानीत. आजीनंच मला हलवलं. "ऊठ. बघ, पोट कसं आत ओढतंय." खरंच, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता आणि दूध तोंडात घ्यायलाही ती तयार नव्हती. तुम्हाला फोन मी नाही केला, आजीनं करायला लावला. आमच्याकडे उसात बिबट्या असतो. नुसता येऊन जात नाही, उसातच पिल्लं घालतो. अंधार पडला की माणसं मळ्याची वाट टाळतात. तुम्ही त्या वाटेनं आलात. पुढे तुमचा मुलगा बॅटरी धरून, आणि मोबाइलवर जोरात भजन लावलेलं. ते भजन दुरून ऐकू आलं तेव्हा आई रडायला लागली.

तुम्ही घड्याळ काढलंत आणि पूर्ण एक मिनिट पोटाकडे पाहत श्वास मोजलेत. साठाच्या वर. पुन्हा मोजलेत. पुन्हा साठाच्या वर. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त आणि छाती आत ओढली जात असेल तर सकाळची वाट पाहायची नाही, एवढं एकच वाक्य बोललात आणि १०८ ला फोन लावलात. गाडी मळ्यापर्यंत येईना. डांबरीपर्यंत आम्ही चालत गेलो. पोर माझ्या अंगाशी बांधलेली, टोपरं-मोजे घातलेली, वर आजीची गोधडी.

न्यूमोनिया होता. ऑक्सिजन लागला, इंजेक्शनं लागली, ती बरी होऊन घरी आली. दवाखान्यातल्या दिवसांबद्दल मला जास्त लिहवत नाही, आणि गरजही नाही.

पण मी तेव्हापासून विचार करते आहे. पहिल्याच दिवशी तुम्ही आजीला अडाणी ठरवलं असतंत, चारचौघांत गप्प केलं असतंत, तर त्या रात्री ती काय करती? मला उठवती का? ओव्याची पुरचुंडी शेकून छातीला लावली असती, देवाचं नाव घेतलं असतं आणि उजाडायची वाट पाहिली असती. कारण मग "तुमचं ते दवाखान्याचं" आणि "आमचं हे घरचं" अशी दोन पथ्यं झाली असती. पाळत ठेवणारी सगळ्यात सावध नजर तिची होती, आणि ती तुम्ही आपल्या बाजूला घेतली होती.

नंतर कुतूहलानं वाचलं. घरी येऊन नवजात बाळाला सांभाळायची ही पद्धत आपल्या गडचिरोलीतून आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. वजन करणं, ऊब देणं, श्वास मोजणं, धोका ओळखणं. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ पासून ते काम देशभर आशांकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा सहा भेटी. त्या सगळ्या पूर्ण झाल्या, फॉर्म भरले, की आशाला अडीचशे रुपये. सहा भेटींचे मिळून, एका भेटीचे नव्हे! तुम्ही आमच्याकडे सहापेक्षा किती जास्त वेळा आलात ते तुमच्या वहीत नाही. बिबट्याच्या वाटेचा तर रकानाच नाही.

२०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. त्याबद्दल मी कौतुकानं बोलले तर तुम्ही म्हणालात, "गौरव चांगलाच झाला वन्सं, पण मानधन महिन्याच्या महिन्याला आलं तर आणखी चांगलं." मी तुमच्या मोर्चाच्या बातम्या पूर्वी पुढे सरकवत असे. आता वाचते.

माझ्याबद्दलही थोडं. पोरीचं वजन करून झालं की तुम्ही दर वेळी मला विचारायचात, "जेवलीस? झोपलीस? रडू येतं का अजून?" तिसरा प्रश्न घरात कुणीच विचारला नव्हता. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, सगळं ताटात होतं, आणि मी ताटासमोर बसून कारण नसताना रडायचे. "दोन आठवड्यांत ओसरतं बहुतेकींचं. नाही ओसरलं तर लपवायचं नाही, आपण दोघी दवाखान्यात जाऊ," म्हणालात. ओसरलं. पण 'दोघी' हा शब्द त्या थंडीत गोधडीपेक्षा जास्त उपयोगी पडला.

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची इंजेक्शनं अंगणवाडीत झाली. आजी बरोबर यायची आणि सुई टोचताना नर्सबाईंना शिव्या द्यायची, त्याबद्दल नर्सबाईंची क्षमा मी परस्पर मागितली आहे.

सव्वीस आठवड्यांची रजा संपली आणि जुलैत आम्ही पुण्याला आलो. तिथे मी तुमच्या यादीत नव्हते. तरी श्रावणात पोरीला जुलाब लागले तेव्हा पहिला फोन तुम्हालाच केला. आजी शेजारून ओरडत होती, "दात येतायत, लागतातच!" तुम्ही हसून म्हणालात, "दात येताना हात तोंडात जातो आज्जी, म्हणून लागतात." मग मला: एक पाकीट ओआरएस, बरोबर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, चमच्या-चमच्यानं, अंगावरचं दूध चालू, मऊ खिचडी चालू, दवाखान्यात दाखवून झिंकची गोळी, आणि जुलाब थांबले तरी ती चौदा दिवस पूर्ण. डोळे खोल गेले, सुस्त पडली, प्यायचीच बंद झाली, तर फोन ठेवायचा आणि निघायचं. ती वेळ आली नाही.

आता ती वर्षाची झाली. वजन सांगत नाही. आजीनं वाचून घेतलं तर रागावेल. कशाला तरी धरून उभी राहते. नाचणीची खीर थुंकते, अंड्याचा पिवळा बलक आवडीनं खाते. खीर चमच्यावरून ओघळता कामा नये, हा तुमचा नियम माझा नवरा इतका पाळतो की परवा खिरीत चमचाच उभा राहिला.

तुमच्यासाठी साडी घेतली होती. तुम्ही घेणार नाही असं आईनं सांगितलं. म्हणून वेगळं केलं. मळ्याच्या वाटेवर, डांबरीपासून आमच्या बांधापर्यंत, सौरदिवे बसवावेत असा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे. आशा सेविकेला रात्री-अपरात्री या वाटेनं यावं लागतं, असं कारण स्पष्ट लिहिलं आहे. मळ्यातल्या सगळ्या घरांच्या सह्या आहेत. पहिला अंगठा आजीचा. ग्रामसभेत अर्ज वाचला जाईल तेव्हा तुम्ही हजर राहा; आजी येणार आहे आणि सरपंचांना तिच्याशी एकट्यानं बोलायला लावणं बरं नव्हे.

तुमची,
वन्सं