चिन्मयच्या पाठपिशवीत कोणती पुस्तकं असावीत?

रामबाग, इंदूर

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. चिन्मयचा प्रश्न तू हसण्यावारी नेला नाहीस, मला कळवलास, फार बरं वाटलं. झॉम्बींची, म्हणजे सिनेमातल्या त्या चालत्याफिरत्या, चावणाऱ्या प्रेतांची साथ आली तर पाठपिशवीत कोणती पुस्तकं घ्यायची, असं चौदा वर्षांचा मुलगा विचारतो तेव्हा त्याला खरं तर गाव ठप्प झाल्यावर आपण तगून कसे राहू, ते जाणून घ्यायचं असतं. त्याला नीट उत्तर मिळालं पाहिजे.

माझी कसोटी एकच आहे. पुस्तकातली माणसं पाणी कुठून आणतात, हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे का? तू इथला आहेस, तुला वेगळं सांगायला नको. आपलं शहर जलूदवर जगतं. मंडलेश्वरजवळ नर्मदेचं पाणी उचलायचं, पंपांनी विंध्य चढवायचं आणि सत्तरेक किलोमीटरवरून आणून टाक्यांत सोडायचं. वीज गेली की पंप थांबले, पंप थांबले की टाक्या कोरड्या. झॉम्बी दाराशी येण्याआधीच माणसं हंडे घेऊन रस्त्यावर येतील, आणि गाठ पडणार ती तिथेच.

मॅक्स ब्रुक्सचं ‘द झॉम्बी सर्व्हायव्हल गाइड’ (२००३) त्याने आधीच मागितलं असेल. वाचू दे. पण त्यात शस्त्रांवर बरीच पानं खर्ची पडली आहेत आणि पोरं नेमकी तीच पाठ करतात. त्याच लेखकाचं ‘वर्ल्ड वॉर झी’ (२००६) मला कितीतरी वरचं वाटतं. सगळं संपल्यावर एक जण देशोदेशी हिंडून वाचलेल्यांच्या हकिकती टिपून घेतो. त्यातली एक हकिकत अलंगची आहे, भावनगरजवळच्या त्या किनाऱ्यावरची, जिथे जुनी जहाजं मोडतात. जीव घेऊन पळालेले लोक समुद्राच्या आशेने तिथे लोटतात, आणि समोर उभी असतात मोडीत निघालेली जहाजं. एवढं प्रकरण तू त्याच्याशेजारी नकाशा उघडून बसून वाच. सगळ्यांना एकाच वेळी एकच वाट सुचली की काय होतं, ते त्याचं त्यालाच उमगेल. सिनेमा पाहिलाय म्हणून पुस्तक टाळू देऊ नकोस, दोघांत फार थोडं सारखं आहे.

कॅनडातल्या काही गणितज्ञांनी २००९ मध्ये या साथीचं गणितही मांडलं होतं. समीकरणं आत्ता झेपणार नाहीत, अकरावीत गेला की दे. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, २०११ मध्ये झॉम्बींचं निमित्त करून आपत्तीच्या तयारीची यादी काढली, ती मात्र आजच फ्रिजवर लावा. माणशी रोज एक गॅलन पाणी, म्हणजे पावणेचार लिटर. तुम्ही चौघं, तीन दिवस धरले तर पंचेचाळीस लिटर झालं. दोन मोठे जार आणि वर एक छोटी कळशी. तुमच्या फ्लॅटमध्ये आज एवढं पिण्याचं पाणी भरलेलं असतं का?

डॅनियल डीफोचं ‘अ जर्नल ऑफ द प्लेग इयर’ १७२२ साली आलं. विषय १६६५ चा लंडनचा प्लेग. त्या वर्षी डीफो स्वतः पाचेक वर्षांचा होता, म्हणजे कागदपत्रं आणि ऐकीव गोष्टींवरून त्याने ते उभं केलं, तरी वाचताना अंगावर येतं. एक माणूस आजारी पडला की अख्खं घर बाहेरून बंद, दारावर लाल क्रॉस, पहारेकरी. आणि लोक मागच्या खिडकीतून पळून रोग घेऊन गावभर जातात. त्यात तीन गरीब माणसं आहेत: एक बिस्किटं भाजणारा, एक शिडं शिवणारा, एक सुतार. ते शहर सोडतात आणि वाटेतली गावं त्यांना आत घेत नाहीत. तेव्हा ते काठ्यांना बंदुकांचा आकार देतात, दुरून मोठी फौज आहे असं भासवतात आणि गावकऱ्यांकडून शिधा मिळवतात. कुणाचा जीव न घेता. हा भाग तरी चिन्मयला मराठीत सांग.

आता वाचण्यासाठी माझं पहिल्या नंबरचं पुस्तक. विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. तुला वाटेल, सत्तावन्नचा आणि झॉम्बींचा काय संबंध? अरे, चालतं-बोलतं जग आठवडाभरात कोसळताना पाहिलेला माणूस मराठीत लिहितोय, याहून जवळचं काय मिळणार! कोकणातल्या वरसईचे हे भटजी कर्जापायी घराबाहेर पडले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढीच आशा. आपल्या महूजवळ त्यांना शिपाई भेटले, बंड होणार म्हणून आधी सांगितलं, आणि तरीही हे पुढे गेले. मग १८५८ चा झाशीचा वेढा. तोफगोळ्यांच्या माऱ्यात पाणी आणणारे पखालवाले मारले जातात आणि पाणी तुटतं, ते वाचून बघ. शहर पडल्यावर कत्तल, लपाछपी, लूट, मिळवलेलं सगळं गेलं. तरी माणूस गंगेची कावड खांद्यावर घेऊन वरसईला परतला. हे सगळं त्यांनी पुढे इतिहासकार चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून लिहिलं, आणि १९०७ साली ते छापलं गेलं. त्यात शौर्याचा आव नाही. भीती वाटली तर वाटली असं लिहिलंय, आणि म्हणूनच मला त्यांच्यावर भरवसा वाटतो.

शेवटचं पुस्तक गोष्टीचं नाही. डेव्हिड वर्नर यांचं ‘व्हेअर देअर इज नो डॉक्टर’. मेक्सिकोच्या डोंगरातल्या खेड्यांत काम करताना तयार झालेलं, चित्रांनी भरलेलं. पिशवीत एकाच पुस्तकाला जागा असेल तर हेच जाऊ दे. झॉम्बीच्या चाव्यावर उपाय नाही, पण पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर आहे आणि तो प्रसंग उद्या क्लासहून येतानाही येऊ शकतो. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, मग तडक दवाखाना आणि लस. हळद-मिरची काही लावायचं नाही. लक्षणं दिसू लागली की जवळजवळ कुणीच वाचत नाही, म्हणून ही पंधरा मिनिटं त्याच्याकडून घोटून घे.

आणि एक गोष्ट पुस्तकाविना शिकव. माझी आजी जुन्या लुगड्याची चौघडी हंड्याच्या तोंडावर बांधून पाणी गाळायची. ओलं झालं की कापड घट्ट बसायचं, कापडावर हिरवट गाळ राहायचा. बांगलादेशातल्या पासष्ट खेड्यांत अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कॉलवेल आणि सहकाऱ्यांनी हेच करून पाहिलं आणि कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला. साडी जुनीच हवी, धुऊन धुऊन धागे दाट झालेली. त्यानंतर उकळायचं, खळखळ उकळी मिनिटभर तरी. नुसतं गाळून प्यायचं नाही.

‘माझा प्रवास’ची माझी प्रत उद्या कुरियरने निघेल. समासात पेन्सिलने खुणा दिसतील, जिथे जिथे पाण्याचा उल्लेख आहे तिथे. पुसू नका. डीफो इंग्रजीत जड जाईल, तो तू आधी वाच. तुमच्या सोसायटीत हातपंप आहे की सगळं बोअरच्या मोटरवरच, तेवढं कळव.

वहिनींना नमस्कार, चिन्मयला अनेक आशीर्वाद.

तुझा,
अविनाश