सिमेंट तुमचं, खांदा माझा

माननीय मंत्रिमहोदय,

सा. न. वि. वि.

गेल्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, आपण गोव्यात आमच्या सासष्टीतल्या गावी आलात, मेणबत्ती लावलीत आणि माइकवरून सांगितलंत, "पावसाआधी चर्चला चुन्याचा गिलावा होणार." पाऊस आला. गिलावाही आला, पण माझ्या डाव्या खांद्यावर, रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटताना. ताटाएवढा पापुद्रा! हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. शर्टाची बटणं बायको लावते. चौसष्टाव्या वर्षी काय वाटतं ते आपल्याला नाही कळायचं. आपली बटणं लावायला माणसं आहेत.

पापुद्रा सिमेंटचा होता, सरकारी दुरुस्तीतला. माझे वडील गवंडी. पाऊस ओसरला की शिंपल्यांचा चुना घेऊन परांचीवर चढायचे. अहो, आमच्या खेड्यातलं बरोक, म्हणजे चर्चची ती जुनी नक्षीदार युरोपी शैली, म्हणजे चुनाच! दर्शनी भिंतीवरचे शंख, वेली, वेटोळी सगळी चुन्यातली. मागे नुसते जांभ्याचे चिरे. जांभा पाणी पितो, चुना ते बाहेर सोडतो. सिमेंटने तोंड दाबलं की ओल आतच कोंडते, क्षार फुगतात, थर सुटतो. आल्तारामागची, म्हणजे वेदीमागची, भिंत अशीच ओलावली, मागून वाळवी आली. परवा सोनेरी पीळदार खांबाला बोट लावलं, ते सरळ आत गेलं. वर्ख तेवढा उभा आहे.

जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीन चर्चचं छप्पर 1842 साली कोसळलं, 1931 साली दर्शनी भिंत. आता 46 मीटर मनोऱ्याचं उरलंसुरलं अर्धं पर्यटकांना दाखवता. आमचंही पडायची वाट बघताय का?

कचेरीत अकरा फेऱ्या मारल्या. रिक्षा-बसचेच चार हजार गेले असतील, कमी-जास्त धरा. एक टेबल म्हणतं, चर्च संरक्षित यादीत नाही, पैसे मिळणार नाहीत. शेजारचं म्हणतं, पुरातन वास्तू आहे, हात लावू नका. दोघांच्या मध्ये एक पंखा, तो मात्र चालतो.

चुना मुरायला महिने लागतात आणि तुमची बिलं मार्चअखेर निघतात, म्हणून सिमेंट. रस्ते तसेच, शाळेची गळकी छपरं तशीच. जिथे तिथे वरून गुळगुळीत. गवंड्यांची पोरं पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडात स्विंडनच्या गोदामात खोकी उचलतात, आणि तुम्ही भाषणात 'वारसा, वारसा' करता. कुणाचा वारसा? परांचीवर चढणार कोण?

निधी, समिती, पाहणी दौरा काही नको. आधी ते सिमेंट खरवडायची लेखी परवानगी द्या, आणि चुना पाठवा. भिजवायला माझा उजवा हात अजून चालतो.

आपला,
गवंड्याचा मुलगा