पात्राला एक कार्ड पुरे

संपादक महोदय,

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा गोष्टीतली पात्रं होऊन फाशांवर खेळायचा खेळ अमेरिकेत १९७४ साली आला. आता आपल्याकडची कॉलेजची मुलंही तो मांडून बसतात. पण खेळ चालवणाऱ्या, वाटेत भेटणारी सगळी पात्रं रंगवणाऱ्या 'डन्जन मास्टर'ची मेहनत अनेकदा भलतीकडे खर्ची पडते. खानावळीच्या मालकाची दोन पानं कुंडली लिहायची, आणि खेळाडू त्याच्याशी अवाक्षर न बोलता पुढे निघून जातात.

एका पात्राला एक कार्ड पुरे: नाव, आत्ता काय हवंय, भीती कशाची, माहीत काय आणि एक लकब. वेशीवरचा पहारेकरी घ्या. आईच्या औषधाला पैसे हवेत, पहारेकऱ्यांच्या नायकाला टरकून असतो, रात्री आत आलेली बंद गाडी त्याने पाहिली आहे, बोलताना सारखा मागे वळून बघतो. एवढ्यावर लाच, धमकी, गोडीगुलाबी, कशालाही उत्तर सुचतं. हातघाई झालीच तर पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांतला तयार 'गार्ड' उचलावा: आर्मर क्लास (त्याला वार लागणं किती अवघड) १६, हिट पॉइंट (तो किती मार सोसतो) ११.

महत्त्वाचा सुगावा मात्र एकाच पात्राकडे कधीही ठेवू नये. खेळाडू त्याला मारून टाकतात किंवा भेटतच नाहीत, आणि खेळ तिथेच अडतो. तो तिघांकडे ठेवावा.

शिवाय दहा-बारा नावांची यादी हाताशी हवी, आद्याक्षरं वेगवेगळी, नाहीतर तासाभरात कोण कोण ते कळेनासं होतं. नाव वापरलं की शेजारी त्याचा धंदा लगेच टिपावा. पुढच्या बैठकीत खेळाडू नेमका तोच माणूस शोधत येतात.

– एक वाचक, ठाणे