मुलांचा आवाज वाया गेला नाही

अमेरिकेतील बंदूकहिंसेवरचा आपला अग्रलेख वाचला. विद्यार्थ्यांची आंदोलने चार दिवसांत विरून जातात, हे त्यातील मत पटले नाही. फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी १७ जण मारले गेले. वाचलेली मुले राज्याच्या राजधानीत जाऊन आमदारांना भिडली. ९ मार्चला, म्हणजे महिन्याच्या आत, गव्हर्नर रिक स्कॉट यांना नव्या कायद्यावर सही करावी लागली. काही अपवाद सोडता सर्व प्रकारच्या बंदुकांच्या खरेदीचे किमान वय २१ झाले. तेही बंदूकधारकांची बाजू घेणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचे बहुमत असताना! याला विरणे कसे म्हणायचे?

अग्रलेखात आणखी एक गोष्ट राहून गेली. त्याच वर्षी २४ मार्चला वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या विद्यार्थ्यांच्या बंदूकहिंसाविरोधी मोर्चात शिकागोचे दोन विद्यार्थी तोंडाला चिकटपट्टी लावून मंचावर आले. त्यांच्या वस्त्यांत गोळीबार रोजचाच. पण तिथे कॅमेरे पोहोचत नाहीत. अकरा वर्षांची नाओमी वॉडलर त्याच मंचावरून, ज्यांच्या मृत्यूची पहिल्या पानावर बातमी होत नाही अशा कृष्णवर्णीय मुलींसाठी बोलली. या मुलांचे म्हणणेही आपण सविस्तर छापावे, ही विनंती.

– एक शिक्षक, सांगली